आधी मिस्त्री, मग सायकल

धडगावात सायकल घ्यायचा विषय निघाला की लोक आधी किंमत विचारतात. मी म्हणेन, आधी मिस्त्री शोधा. शहाद्यात किंवा नंदुरबारात राहणाऱ्याला हा सल्ला अनाठायी वाटेल, कारण तिथे चार गल्ल्या सोडून कुणीतरी सायकल दुरुस्त करणारा सापडतोच. अक्राणी तालुक्याच्या पाड्यांवर तशी सोय नाही. इथे बोटभर लांबीची एक पिन मिळाली नाही म्हणून सायकल पडवीत उभी राहते, पावसाळा येतो, साखळी गंजते, कोंबड्या तिच्या दांडीवर बसायला लागतात आणि पाच-सात हजार रुपये भंगारात जातात. सायकल महाग होती की स्वस्त, याला मग काही अर्थ उरत नाही.

तेव्हा आठवडे बाजाराला जाल त्या दिवशी मिस्त्रीच्या दुकानात थोडा वेळ बसा. धडगाव, मोलगी, म्हसावद, जिथे तुमचा नेहमीचा फेरा असेल तिथला मिस्त्री. हल्ली यातले बरेच जण पोटासाठी मोटारसायकलचं पंक्चर काढतात आणि सायकल आली तर तीही करतात. त्याच्या खुंटीला काय लटकलंय ते पाहा: कोणत्या मापाचे टायर, कोणते ब्रेकचे रबर, कसल्या साखळ्या. त्याला विचारा, बाहेरून सायकल आणली तर पूर्ण खोलून, ग्रीस भरून पुन्हा जोडून देशील का, आणि किती घेशील. खुंटीला जे लटकलेलं असेल तेच जिला बसतं, ती तुमची सायकल. बाकीच्या कितीही देखण्या असल्या तरी त्या दुसऱ्या गावच्या.

आता रस्त्याचं. ज्या तालुक्यात अस्तंभ्याचं शिखर १३२५ मीटरवर आहे आणि तोरणमाळचं पठार अकराशे मीटरच्या वर, तिथे सायकल प्रत्येकाच्या उपयोगाची नाही, हे सरळ सांगायला हवं. गावातल्या गावात, डांबरी रस्त्याला लागून असलेल्या पाड्यांवरून शाळेत, दवाखान्यात, बाजारात जायला ती उत्तम. पण घर चढावर असेल आणि निम्मी वाट सायकल ढकलत न्यावी लागणार असेल, तर मुलगी दोन आठवड्यांत पुन्हा पायी जाऊ लागते. अशा घरांनी सायकल वर न्यायचीच नाही. खाली सडकेला लागून असलेल्या नातलगाकडे ती ठेवायची, पाड्यापासून तिथपर्यंत पायी यायचं आणि पुढचे तीन-चार किलोमीटर सायकलवर. तळोद्याकडे उतरणारा चांदसैली घाट किंवा तोरणमाळची वळणं साध्या सायकलवर उतरायचा विचार मात्र मनातसुद्धा आणू नका. हौशी सायकलवाले तिथे जातात, पण त्यांच्या सायकलीला बसवलेल्या नुसत्या ब्रेकच्या पैशात आपली अख्खी सायकल येते.

कामं दोन प्रकारची आणि सायकलीही दोन प्रकारच्या, असं धरून चाला. ओझं वाहायचं असेल, म्हणजे रेशनची गोणी, आमचूरचं पोतं, भाजीची पाटी, तर जुनी काळी दांडीची सायकल. २८ इंची चाक, पोलादी सांगाडा, मागे जाड सळ्यांचं कॅरिअर आणि दोन पायांचं स्टँड. ही सायकल जड असते, वीस किलोच्या आसपास, आणि दिसायला आजोबांच्या काळातली. तरी तिचा एक गुण नव्या कुठल्याही सायकलीत नाही: तिचे भाग वर्षानुवर्षं जवळपास एकाच मापाचे राहिले आहेत आणि लुधियानातले असंख्य लहान कारखाने ते बनवतात. ॲटलास ही सोनीपतची १९५१ सालची कंपनी. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. पण देशभर फिरणाऱ्या ॲटलासच्या काळ्या सायकली त्यामुळे थांबल्या नाहीत. दुसऱ्या कंपनीचं क्रँक, तिसऱ्याचं फ्रीव्हील, चौथ्याचा चिमटा, सगळं बसतं.

शाळा, नोकरी, आशाताईंची घरभेटीची फिरती, यासाठी मात्र मी २६ इंची, गिअर नसलेली, सरळ हँडलची सायकल सुचवतो. साडी किंवा सलवार घालून चालवायची असेल तर आडवी दांडी खाली वाकलेली लेडीज फ्रेम, पूर्ण साखळी झाकणारं कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी. ओढणी चाकात गुंतून झालेले अपघात फार वाईट असतात आणि ती जाळी अगदी स्वस्त असते.

इथे ब्रेकपाशी थोडं थांबतो, कारण या भागात जीव त्याच्यावर आहे. काळ्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात. सपाटीवर, कोरड्या रस्त्यावर ते चालतात. पण साताऱ्यापासून सातपुड्यापर्यंत कुठेही उताराला पाऊस लागला की या ब्रेकचं खरं रूप दिसतं. रिम चकचकीत स्टीलची असते, ती ओली झाली की रबर तिच्यावरून नुसतं घसरतं, मूठ कितीही आवळा. अल्युमिनियमची, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत अलॉयची रिम पावसात यापेक्षा खूपच बरी पकडते. म्हणून उतार असलेल्या वाटेसाठी अलॉय रिम आणि व्ही-ब्रेक हे दोन शब्द दुकानात पाठ करून जा. रिम अलॉयची आहे हे दुकानदाराच्या तोंडून ऐकू नका. एखाद्या फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक खिशात ठेवा आणि रिमला लावून पाहा. चिकटला तर स्टील. ही परीक्षा काही सेकंदांची आहे आणि ती घेताना दुकानदाराचा चेहरा पाहण्यासारखा असतो. काळीच सायकल घ्यायची असेल तर पावसात उतारावर उतरून चालायचं, गोणी लादलेली असेल तर नक्कीच.

डिस्क ब्रेकचं आकर्षण पोरांना फार. स्वस्त सायकलीवरची डिस्क तारेवर चालते, तबकडी जरा वाकली की घासत राहते, आणि तिचे पॅड इथे मिळत नाहीत. व्ही-ब्रेकचं रबर संपलं तर थोड्या पैशात जोडी येते आणि बारावीतली मुलगी ती स्वतः बदलू शकते.

शॉकअपबद्दल तर माझं मत आणखी कडू आहे. या बजेटमधला पुढचा शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. ती खड्ड्यात फारशी दबत नाही, चढावर मात्र पायाचा जोर खाते, वजन वाढवते आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंजून खडखडायला लागते. मधेही स्प्रिंग असलेली सायकल त्याहून वाईट. हल्ली दिसणारी चार इंची जाड टायरची सायकल फोटोला छान. तिची ट्यूब फाटली की धडगावचा मिस्त्री हात जोडेल. या तिन्ही गोष्टींवर जाणारे पैसे चाकं, ब्रेक आणि टायर यांवर घाला.

मग चढाचं काय? गिअरची सायकल घ्यावी का? दहा हजारांच्या आत मिळणारी गिअरची सायकल मी कुणालाच सुचवणार नाही. मागचा गिअर ज्या लहानशा पट्टीवर लटकतो ती पट्टी सायकल एकदा उजव्या अंगावर पडली तरी वाकते, आणि ती सरळ करून गिअर लावून देणारा माणूस मिळणं कठीण. त्याऐवजी एक जुनी युक्ती आहे, तिचा इथे विसरच पडला आहे. पुढच्या चक्राचे आणि मागच्या फ्रीव्हीलचे दाते मोजा. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ असतील, तर २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे पाच मीटर जाते. मिस्त्रीला सांगून मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्या, साखळीला एखादी कडी जोडावी लागेल. आता एका फेऱ्यात ती चार मीटरच्या आसपास जाईल, पण पायावरचा जोर जवळपास पाचव्या हिश्शाने कमी होईल. सपाटीवर पाय जरा भराभर मारावे लागतील. चढावर मात्र जिथे उतरावं लागत होतं तिथे बसून जाता येईल. गिअरच्या सायकलीला जे हजारो रुपये जास्त पडले असते, त्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

जगात ज्यांनी गरिबांच्या सायकलीचा गांभीर्याने विचार केला, तेही याच निष्कर्षाला आले. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली वाटण्यापासून सुरू झालेली वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था पुढे आफ्रिकेत गेली. तिथल्या बाजारातल्या सायकली खेड्यांच्या रस्त्यांवर टिकत नाहीत असं दिसल्यावर तिने स्वतःची ‘बफेलो’ नावाची सायकल तयार केली. जाड पोलाद, शंभर किलो पेलणारं कॅरिअर, आणि अगदी अलीकडेपर्यंत गिअर नाहीत. सायकलीबरोबर संस्था गावोगाव मिस्त्री तयार करते आणि सुटे भाग पोचवते. ती सायकल आपल्याकडे मिळत नाही, पण तिच्यामागचा विचार उचलायला पैसे पडत नाहीत.

पैशाचं बोलू. आजच्या घडीला दांडीची किंवा साधी लेडीज सायकल साधारण साडेपाच ते साडेसात हजारांत येते, आणि अलॉय रिम, व्ही-ब्रेकची २६ इंची बिनगिअरची साडेसहा ते नऊच्या दरम्यान. दुकानागणिक फरक पडतो, घासाघीस चालते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा बिलावर कोणता दर लावलाय ते बघा. सात हजार हातात असतील तर सहाचीच सायकल घ्या. उरलेले हजार मिस्त्रीची जोडणी, कुलूप, हातपंप, एक जादा ट्यूब आणि मागचा दिवा यांत जातातच. हे आधी धरलं नाही तर पंप राहून जातो, आणि पंप नसलेली सायकल पाड्यावर लवकरच पडून राहते.

आठवी ते बारावीतल्या मुलीसाठी घेणार असाल तर खरेदीआधी मुख्याध्यापकांना भेटा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार करण्यात आली. पैसे मुलीच्या बँक खात्यावर येतात, तेव्हा खातं चालू आहे आणि आधारशी जोडलेलं आहे ना, हे आधी तपासा. खरेदीची पावती शाळेत द्यावी लागते, म्हणून मुलीच्या नावाचं पक्कं बिल घ्यायला विसरू नका, कच्च्या चिठ्ठीवर काम भागत नाही. आश्रमशाळेत मुक्कामी राहणाऱ्या मुलीला नव्हे, रोज घरून येणाऱ्या मुलीला याचा लाभ आहे. अशा योजनेचा उपयोग किती, याचं मोजमाप बिहारमध्ये झालं आहे. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये देऊ लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. बिहारची सपाटी आणि अक्राणीचे चढ यांत फरक आहे, पण इथेही सडकेच्या कडेचे पाडे कमी नाहीत.

पाच हजारांत चांगली सायकल पूर्ण बसेलच असं नाही. वरचे हजार-दीड हजार घरातून घालायची तयारी ठेवा. तेवढ्यासाठी ‘योजनेत बसणारी’ म्हणून दुकानदार पुढे करतो ती सर्वांत हलकी सायकल उचलू नका.

केव्हा घ्यावी? जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा दुकानात झुंबड असते आणि पोऱ्या एका दिवसात जमतील तेवढ्या सायकली जोडून बाहेर काढतो. नट अर्धे आवळलेले, ब्रेक कसेतरी. आपल्याकडचे अनेकजण गुजरातेतून, ऊसतोडीवरून होळीच्या सुमारास परत येतात आणि तेव्हाच हातात रोकड असते. होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात ती सुटी होण्याआधी, किंवा निदान एप्रिल-मेमध्ये, सायकल घेऊन टाका. दुकानदारालाही वेळ असतो आणि पावसापूर्वी सायकल अंगवळणी पडते. मोबाइलवरून मागवलेली सायकल दोन-पाचशेंनी स्वस्त दिसते खरी, पण ती खोक्यात अर्धवट जोडलेली येते. हँडल, पुढचं चाक, पायडल आपण लावायचे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसलेल्याने ते जोर लावून उजव्यासारखे फिरवले की क्रँकचे आटे गेले. पायडलच्या टोकाला डाव्यासाठी ‘एल’ आणि उजव्यासाठी ‘आर’ कोरलेलं असतं. दुकानात जोडलेल्या सायकलीतही हे एकदा पाहा.

शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या दुकानात उभे राहिलात की रंगाकडे पाठ करा. पुढचं चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराशेजारी डोळा ठेवा. रिम डावी-उजवीकडे डुलत असेल तर चाकात आऊट आहे, तो तिथेच काढून घ्या. आरे बोटाने एकेक छेडा, सगळे साधारण सारख्या सुरात वाजले पाहिजेत, एखादा ढब्ब वाजला तर तो सैल आहे. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, खटखट नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे रेटा, हँडलच्या मुळाशी हालचाल जाणवली तर कप सैल आहेत. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मुलगी वाढीच्या वयाची आहे म्हणून मोठी सायकल घेण्याचा मोह होतो. बुटासारखं हे चालत नाही, कारण जिला जमिनीला पाय टेकवता येत नाही ती उतारावर पडते. चार फूट आठ इंचांच्या खालच्या मुलीला २४ इंची बघा.

आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह. जुन्या पद्धतीच्या डनलॉप व्हॉल्व्हला सायकलचाच पंप लागतो. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूब त्याच रिमच्या भोकात बसते, आणि मग सडकेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. फक्त त्याच्या कॉम्प्रेसरने हवा थांबून-थांबून भरायला सांगा, नाहीतर सायकलची ट्यूब क्षणात फुटते. किती हवा, ते टायरच्या कडेला छापलेलं असतं.

जुनी सायकल घ्यायला मी अजिबात नाही म्हणत नाही. तीन हजारांतली चांगली जुनी सायकल पाच हजारांतल्या वाईट नव्या सायकलीपेक्षा बरी. पण सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेणारा जसा त्याला पळवून पाहिल्याशिवाय बोली करत नाही, तसं सायकल चालवून पाहिल्याशिवाय किमतीचा शब्द काढू नका. चढावर उभं राहून पायडल मारा. फ्रीव्हील घसरतं का, क्रँकमधून प्रत्येक फेऱ्याला टक-टक येते का? टक-टक कॉटर पिनची असेल तर किरकोळ काम आहे. सांगाडा मात्र नीट तपासा: हँडलखालचा सांधा, सीटखालचा सांधा आणि पायडलच्या नळीभोवतालचा भाग. तिथे रंगाला केसासारखी चीर किंवा नव्या वेल्डिंगचा गोळा दिसला तर सायकल सोडून द्या, कितीही स्वस्त असो. बाजूने पाहताना चिमटा मागे दबलेला दिसला तर तिने कुठेतरी धडक खाल्ली आहे. साखळी मोठ्या चक्राच्या पुढच्या टोकाला चिमटीत धरून ओढा. खालचा दाता निम्म्याहून जास्त उघडा पडला तर साखळी ताणली आहे, आणि बहुधा फ्रीव्हीलही संपलंय. तेवढे पैसे किमतीतून वजा करा. टायरच्या कडेला भेगा असतील तर दोन टायरचे पैसे आणखी वजा. सांगाड्यावर कोरलेला नंबर पाहा आणि विकणाऱ्याकडून त्या नंबरासह सही केलेला कागद घ्या. नंबर घासलेला असेल तर तिथून उठा.

धडगावला ती बहुतेक जीपच्या टपावर येईल. चाकांवर दोर आवळू देऊ नका, सांगाड्याला बांधा आणि गिअरची नसली तरी साखळीची बाजू वर ठेवा. उतरवल्यावर घरी न जाता थेट मिस्त्रीकडे. नवी असली तरी त्याच्याकडून दोन्ही हब आणि पायडलची नळी खोलून घ्या. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त सायकलीत ग्रीस बोटभरच असतं. तीनेक आठवडे चालवल्यावर पुन्हा एकदा न्या. आरे या काळात बसतात, नट सैल होतात, क्रँक ढिलं पडतं, आणि नव्या सायकली ज्या पहिल्या तीन महिन्यांत मोडतात त्या बहुतेक याच दुसऱ्या फेरीला कंटाळा केल्यामुळे. पावसाळ्यात साखळीला दर आठवड्याला तेलाचे थेंब, तेही आतल्या बाजूने, आणि वरचं पुसून काढायचं, म्हणजे चिखल चिकटत नाही. खाण्याचं तेल घालू नका, ते घट्ट होऊन साखळी जाम करतं. मिस्त्रीकडून शिलाई मशीनचं किंवा इंजिनचं तेल बाटलीत भरून आणा.

बाभळीचे काटे इथे बारमाही. तेव्हा सोल्यूशन, पंक्चरपट्टीची पानं आणि घासायला काचकागद एका डब्यात घालून तो सीटखाली बांधा, आणि ज्याची सायकल आहे त्याच्याकडूनच पहिलं पंक्चर घरच्या अंगणात, पाण्याची बादली पुढे ठेवून, काढून घ्या.